बॉडी कुणी ओळखली?

एप्रिल २०२५ मधला पहिला रविवार. आई मूगडाळ निवडत बसली होती, अण्णा पेपर घेऊन खिडकीशी. सव्वाआठला कणकवलीच्या मावशीचा फोन आला. तिचा फोन स्पीकरवर टाकावा लागत नाही, तो तसाच घरभर ऐकू येतो.

"गो, प्रद्युम्नाक मारल्यानी!"

"कोणाक?"

"एसीपीक गो! सीआयडीतल्या. बॉम्बान."

"काय सांगतस!" आईच्या मांडीवरचं सूप कललं आणि थोडी डाळ फरशीवर सांडली. मावशी पुढे बराच वेळ बोलत होती. त्या सगळ्याचं सार एवढंच, की आता बघूचा तरी कित्याक. फोन ठेवल्यावर आई डाळ गोळा करायचीही विसरली. प्रद्युम्नाचं काम करतात शिवाजी साटम, आणि साटम म्हणजे तिच्या माहेरच्या मुलखातलं आडनाव. त्यामुळे हा माणूस सत्तावीस वर्षं आमच्याकडे नात्यातला नसून नात्यातलाच धरला गेला होता.

पेपरामागून अण्णांचा आवाज आला, "बॉडी कुणी ओळखली?"

"अहो, काहीतरीच काय! टीव्हीवर मेलाय तो."

"टीव्हीवर म्हणून काय झालं? मयत म्हटल्यावर ओळख पटवायला लागते. पंच कोण होते? दाखला कुठल्या डॉक्टरचा?"

अण्णा थट्टा करत नव्हते. मध्य रेल्वेवरच्या लोहमार्ग पोलिसांत शिपाई म्हणून लागलेला आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. ज्या वर्षांत आम्ही मुलं मोठी होत होतो, त्या वर्षांत मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षाला तीन हजारांहून अधिक माणसं मरत. रूळ ओलांडताना, दारातून पडून, खांबाला आपटून. त्यातल्या प्रत्येकाची नोंद कुणीतरी लिहायची असते. आकस्मिक मृत्यूचं रजिस्टर, जागेचा पंचनामा, प्रेताचा पंचनामा, खिशातल्या वस्तूंची यादी. आमच्या घरी जेवणाच्या ताटावर या गोष्टींचा उल्लेख करायचा नाही, असा आईचा नियम होता आणि अण्णा तो पाळत. म्हणूनच असेल, टीव्हीवर कुणी मेलं की त्यांना बोलायला मोकळी जागा मिळे.

आम्ही तेव्हा पोलीस लाईनीत राहायचो. एक खोली, एक मोरी, बाहेर सामाईक गॅलरी, टोकाला संडासांची रांग. दहा बिऱ्हाडांत रंगीत टीव्ही तीन, त्यातला एक आमचा. 'सीआयडी' १९९८च्या जानेवारीत सुरू झाली आणि शुक्रवारी रात्री आमची खोली भरू लागली. पुरुष बहुतेक ड्युटीवर असत किंवा नाइट करून आलेले, तोंडावर पंचा टाकून झोपलेले. प्रेक्षक म्हणजे पोलिसांच्या बायका, पोलिसांची पोरं आणि एक म्हाताऱ्या आजी, ज्यांचा मुलगा बिनतारी विभागात होता आणि ज्यांना हिंदी अजिबात कळत नसे. आजींना गोष्ट कळायला अडचण मात्र कधी आली नाही. मुडदा दिसला की त्या "अगंबाई" म्हणत, आणि पुढचा सगळा वेळ पडद्यावरच्या प्रत्येक माणसाकडे बोट दाखवून "ह्यानंच का?" असं विचारत. कधीतरी बरोबर यायचंच.

त्या खोलीत गप्प बसून मालिका बघणं ही कल्पनाच नव्हती. खुनी ओळखायची प्रत्येकीची आपली पद्धत. शेजारच्या काकूंचा नवऱ्यावर संशय. मेलेली बाई असो, पुरुष असो, शेजारी असो, त्या म्हणत, नवऱ्यानंच मारलं असणार. आईची पद्धत जास्त शास्त्रशुद्ध होती. इतर मालिकांत पाहिलेला, चेहऱ्यानं ओळखीचा नट एखाद्या किरकोळ भूमिकेत दिसला, म्हणजे नुसता चहाचा ट्रे आणून ठेवताना दिसला, तरी ती जाहीर करे, "हाच. एवढ्या मोठ्या माणसाला चहा द्यायला कोण बोलावतंय?" दहातल्या सात वेळा तीच जिंकायची. आम्हा मुलांना खुन्यात रस नव्हता. आम्ही दाराची वाट बघायचो.

दार! 'दया, दरवाज़ा तोड़ दो' हे वाक्य आलं की खोलीतली सगळी पोरं एकाच सुरात ओरडत, आणि मालिकेतला तो दया दाराला खांदा लावायच्या आत कुणाची तरी लाथ कुणाच्या तरी पाठीत बसलेली असे. एकदा माझ्या भावानं आणि त्याच्या टोळीनं हा प्रयोग गॅलरीच्या टोकाच्या तिसऱ्या नंबरच्या संडासावर केला. बिजागरी निखळली. दुरुस्तीचा अर्ज गेला, त्याला नंबर पडला, आणि जवळजवळ सहा महिने आम्ही त्या दाराला आतून एका हातानं धरून बसत होतो. भावाला मार पडला तो दार मोडल्याबद्दल नाही. आत शेजारचे काका होते.

अण्णा घरी असले तर बघण्याची तऱ्हाच बदलायची. ते खुर्ची मागे घेऊन, तंबाखू मळत बसायचे आणि मालिकेतल्या तपासावर वरिष्ठ अधिकाऱ्यानं शेरे मारावेत तसे शेरे मारायचे. मृतदेहाला हातमोजे न घालता हात लावला, हा पहिला. पंच कुठायत, हा दुसरा. हा तर दर आठवड्याला. रस्त्यावरून जाणारा भला माणूस धरून त्याला पंच म्हणून उभं करणं यात त्यांच्या नोकरीची निम्मी शक्ती गेली होती, कारण भला माणूस पोलीस दिसला की रस्ता बदलतो. मालिकेतले डॉक्टर साळुंखे नळीत काहीतरी हलवून दोन मिनिटांत विषाचं नाव सांगत, तेव्हा अण्णा हताश हसायचे. व्हिसेरा बाटलीत बंद करून कालिन्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अहवालाची वाट बघत आपण जगत राहायचं, हे त्यांचं वास्तव. "साळुंखे आमच्या साताऱ्याकडचाच दिसतोय," ते म्हणत, "पण त्याला सांगा, एवढी घाई केलीस तर बाकीच्या डॉक्टरांना लोक दगड मारतील."

शेवटी प्रद्युम्न आरोपीच्या कानाखाली वाजवत आणि तो घडाघडा सगळं सांगून टाकी. मग फाशीची भविष्यवाणी. बायका सुस्कारा सोडून उठत. अण्णा म्हणत, "सुटला."

"कोण सुटला?"

"आरोपी. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पुरावा कायदा, कलम पंचवीस." आता कायदे बदलले, १ जुलै २०२४ पासून ते कलम तेवीस झालं, खुनाचं ३०२ जाऊन १०३ आलं. अण्णांना हे सगळं पाठ आहे पण तोंडात अजून जुनेच आकडे बसतात. पावसाळ्यात जुन्या रस्त्यानं जाणाऱ्या माणसासारखे ते ३०२ वरच येऊन थांबतात.

या सगळ्या शेऱ्यांत दारावरचा शेरा मात्र वेगळा असे. त्यात हसू नसे. "दार तोडायचं नसतं," एवढंच म्हणत आणि तंबाखूची डबी बंद करत. का, ते मला बऱ्याच वर्षांनी समजलं. तेही त्यांच्या तोंडून नाही, आईच्या.

लांब पल्ल्याची एक गाडी पहाटे टर्मिनसला लागली होती. सगळे उतरले, डबा झाडायला माणूस चढला, तर एका टोकाच्या संडासाचं दार आतून बंद. गाडी यार्डात न्यायची होती. हाका मारल्या, उत्तर नाही. असलं बंद दार उघडलं की आत काय असतं ते रेल्वेतल्या प्रत्येकाला माहीत असतं, म्हणून पोलिसांना बोलावलं. सोबतचा एक तरुण शिपाई म्हणाला, लाथ घालतो. अण्णा म्हणाले, थांब, फिटरला बोलाव, तो पट्टी सारून कडी उचलेल. फिटर यायला वेळ होता. तोवर अण्णा त्या दाराशी उकिडवे बसले आणि आतल्या माणसाशी बोलू लागले. उत्तर येत नसताना. चहा घेणार का, गाव कुठलं, भूक लागली असेल. अर्ध्या तासानं आतून कडी वाजली. नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा होता, घरातून पळून आलेला. तिकीट तपासनिसाच्या भीतीनं रात्रभर तिथे बसलेला. दाराला पाठ टेकून.

लाथ बसली असती तर ती कुठे बसली असती, याचा हिशेब अण्णा प्रत्येक शुक्रवारी करत असणार.

मी त्यांना याबद्दल विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारत नाहीत.

'सीआयडी' ज्यांनी केली त्या बी. पी. सिंग यांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठीत 'एक शून्य शून्य' केली होती. शिवाजी साटम तिच्यातही होते. अण्णा तेव्हा नोकरीत नवे होते आणि ती मालिका त्यांना फार आवडे, कारण तिच्यातल्या पोलिसांना घाम यायचा, असं ते सांगतात. साटम स्वतः सेंट्रल बँकेत नोकरी करत नाटकांत काम करायचे. म्हणून की काय, त्यांच्या एसीपीकडे पाहताना मला नेहमी एखादा कडक शाखाधिकारी आठवतो. बोटं हवेत फिरवून तो म्हणतोय, कुछ तो गड़बड़ है, आणि समोरच्या कारकुनाला घाम फुटलाय, कारण रोकड साडेबारा रुपयांनी जुळत नाहीये.

२००४ साली 'सीआयडी'वाल्यांनी १११ मिनिटांचा एक भाग एकाही कटशिवाय, सलग एका शॉटमध्ये चित्रित केला. त्याचा विक्रम म्हणून बोलबाला झाला. आमच्या खोलीत त्या रात्री एरवीपेक्षा जास्त गर्दी होती, पण कट नाही म्हणजे काय, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. काकू म्हणाल्या, आज जाहिराती कमी आहेत का? बिनतारीवाल्या आजी मध्येच झोपल्या. अण्णांना मात्र समजावून सांगितल्यावर ते पहिल्यांदा मनापासून खूश झाले. "म्हणजे चूक झाली तर पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग हे पोलिसाचं काम खरं. आमचा पंचनामा पण असाच. खाडाखोड चालत नाही."

पुढे लाईन सुटली. अण्णा अठ्ठावन्न वर्षांचे होऊन निवृत्त झाले आणि आम्ही डोंबिवलीला आलो. टीव्ही घरोघरी झाले. मालिका आठवड्यातून एकाऐवजी अनेक दिवस दिसू लागली आणि लोक एकटे बघू लागले. एकटा माणूस टीव्हीशी बोलत नाही, निदान मोठ्यानं नाही. मग ते बोलणं विनोदांत गेलं. दया आणि दार, साळुंखे आणि नळ्या, प्रद्युम्नांची बोटं. मोबाइलवर सकाळी शुभेच्छांच्या फुलांबरोबर हे विनोद यायचे. मालिका आधीच थोडी भाबडी, त्यात खून दर आठवड्याला जास्त चमत्कारिक होत चाललेले. हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि लोक हसले. मीही हसले. वर्गातल्या मुलांना शिस्त लावताना मी स्वतः दोनदा हवेत बोटं फिरवली आहेत.

अण्णांचा एक विनोद तेवढा माझा आवडता. मालिका १५४७ भागांनंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाली तेव्हा साटम सत्तरीकडे झुकले होते आणि तरी ड्युटीवर. अण्णा म्हणाले, "पेन्शनची फाईल अडकली असणार बिचाऱ्याची. म्हणून सुट्टी देत नाहीत."

थट्टा कुणाची करतात, हे आपल्याकडे नात्यावर ठरतं. जावयाची चालते, दिराची चालते, परक्याची केली तर भांडण होतं. हा साधा नियम मालिका काढणाऱ्यांना माहीत नसावा किंवा ते विसरले असावेत. वीस वर्षं लोक या माणसाला हसतात म्हणजे त्यांना तो गंभीरपणे नकोय, असा हिशेब कुणी केला असेल तर तो चुकला.

डिसेंबर २०२३ मध्ये फ्रेडी गेला. म्हणजे मालिकेत त्याचं काम करणारे दिनेश फडणीस गेले. सहा वर्षांच्या खंडानंतर डिसेंबर २०२४ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा आई पहिल्या भागात माणसं मोजत बसली होती, सहलीहून परतलेली मुलं बाई मोजते तशी. प्रद्युम्न, अभिजित, दया, साळुंखे. मग थोडं थांबून म्हणाली, "फ्रेडी नाही ना आता." तिला ते माहीत होतं. तरीही मोजलं.

आणि चारच महिन्यांत हे. वाहिनीनं एसीपी प्रद्युम्न यांचा फोटो टाकला. खाली १९९८ ते २०२५, दोन सालं आणि मधे आडवी रेघ, जशी आपण दहाव्याच्या पत्रिकेत छापतो. मग जे सुरू झालं त्याला प्रतिक्रिया म्हणणं म्हणजे पुराला ओल म्हणणं. साटम खरंच गेले असं समजून कित्येकांनी श्रद्धांजल्या वाहिल्या. खरं कळल्यावर तेच लोक दुप्पट चिडले. आमच्या इमारतीतला बारावीचा मुलगा, ज्याच्या जन्माआधी ही मालिका सुरू झाली, लिफ्टमध्ये मला म्हणाला, "काकू, हे चुकीचं आहे." त्याच्या आवाजात गुन्हा घडलाय असा सूर होता. कामवाल्या मावशी म्हणाल्या, अशानं मी पैसे भरणं बंद करीन. कशाचे ते त्या बोलल्या नाहीत. आई दोन दिवस टीव्हीसमोर बसली नाही, निषेध म्हणून. टीव्हीला ते कळलं असेल अशी तिची समजूत होती.

चिडलेल्या माणसांना इतिहास सांगू नये, पण मला तेव्हा इंग्लंडच्या दोन गोष्टी आठवत होत्या. कॉनन डॉयलनं १८९३च्या डिसेंबरात शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं, तर मासिकाचे हजारो वर्गणीदार गेले. दहा वर्षांनी त्याला होम्सला परत आणावं लागलं. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. जॉर्ज डिक्सन नावाचा एक साधा गस्तीचा पोलीस १९५०च्या एका सिनेमात गोळी लागून मेला. मेला म्हणजे मेला, लोकांनी डोळ्यांनी पाहिला. पण तो लोकांना इतका आपला वाटला, की १९५५ मध्ये बीबीसीनं त्याच डिक्सनला घेऊन मालिका काढली, जणू गोळी लागलीच नव्हती. ती १९७६ पर्यंत चालली. शेवटी त्याचं काम करणारे जॅक वॉर्नर ऐंशीचे झाले होते आणि अजून कामावर होते. मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "तिकडेपण पेन्शनची भानगड दिसते."

या सगळ्या गदारोळात साटम यांना पत्रकारांनी गाठलं. आपण सध्या सुट्टी घेतली आहे, पुढे काय ते निर्मात्यांना ठाऊक, अशा अर्थाचं ते काहीतरी बोलले. मी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. अण्णांनी चष्मा काढला.

"म्हणजे रजेवर आहे."

"हो, पण मालिकेत..."

"रजेवर असलेला माणूस मयत कसा दाखवला? हजेरीपटावर काय लिहिलंय? मी म्हटलं होतं. बॉडी ओळखल्याशिवाय काही खरं नाही."

त्या दिवशी दुपारी, आई झोपल्यावर, ते आपणहून बोलायला लागले. मी भाजी निवडत होते. कदाचित माझ्याकडे बघायचं नव्हतं म्हणून त्यांनी ती वेळ निवडली.

रेल्वेत मेलेल्या माणसाची ओळख पटवणं हे त्यांचं खरं काम होतं. पास सापडला तर सोपं. नसला तर मग हातावर गोंदलेलं नाव, शर्टाच्या कॉलरीत आतून शिवलेलं शिंप्याचं लेबल, चपलेचा दुरुस्त केलेला अंगठा. एकदा अशाच एका लेबलाच्या मागे ते दोन दिवस गाडीनं आणि एस. टी.नं फिरले होते. शिंप्यानं कापड हातात धरून, माप आठवून, माणसाचं नाव सांगितलं होतं. साळुंखेंच्या नळीत ते मावलं नसतं. ज्यांचं काहीच सापडत नाही त्यांचे फोटो ठाण्यात एका जाड वहीत चिकटवलेले असत. घरातला माणूस रात्री परतला नाही की लोक इस्पितळ, मग ठाणं, मग ती वही, असे येत.

"येणारा माणूस फोटो बघतो," अण्णा म्हणाले, "बघितल्या बघितल्या म्हणतो, हा आमचा नाही. खात्रीनं सांगतो. आमचा असा नव्हता, आमच्याचे केस वेगळे होते. आणि आपल्याला दिसत असतं, की त्याच्या हातातला घरून आणलेला फोटो आणि वहीतला फोटो एकाच माणसाचा आहे."

"मग?"

"मग काय? नाही म्हणाला तर नाही. मी वही मिटायचो नाही. उघडी ठेवायचो. म्हणायचो, बसा, चहा घ्या. बाहेर बाकावर बसवायचं. पाणी द्यायचं. घाई करायची नाही. दहा मिनिटं, कधी तास. मग तो आपणच उठून यायचा. म्हणायचा, साहेब, परत एकदा बघू द्या."

ते थांबले. मी गवारीच्या शिरा काढत होते आणि शिरा काढणं मला एकदम अवघड झालं होतं.

"साहेब कसला, हवालदार होतो मी," ते म्हणाले. "पण त्या वेळी सगळे साहेबच म्हणतात."

तोवर मला त्या रविवारपासूनच्या लोकांच्या संतापाचं थोडं हसू येत होतं. एका काल्पनिक अधिकाऱ्यासाठी एवढं? त्या दुपारनंतर हसू आलं नाही. हा आमचा नाही, असा प्रद्युम्न आम्हाला नको, असं हजारो माणसं एकाच वेळी वही ढकलून म्हणत होती, आणि या एका ठिकाणी, सगळ्या जगात या एकाच ठिकाणी, तसं म्हणून उपयोग होण्याची शक्यता होती. फडणीस गेले तेव्हा कुणी वाहिनीवर चिडलं नव्हतं. कुणावर चिडणार? लोक हळहळले, जुने प्रसंग बघत बसले, गप्प झाले. प्रद्युम्नाच्या बाबतीत मात्र दाद मागायला दार होतं. आयुष्यात ज्यांनी कधी ठाण्याची पायरी चढून फिर्याद लिहून घ्या म्हटलेलं नाही, घरफोडी झाली तरी कशाला ती कटकट म्हणून गप्प बसले, ते त्या आठवड्यात फिर्यादी झाले. लाथा मारत होते त्या दारावर, सगळा देश एकदम दया झाल्यासारखा.

काही आठवड्यांनी एसीपी प्रद्युम्न परत आले. मावशीचाच फोन. "जितो आसा गो!" आईनं देवाजवळ साखर ठेवली. मालिकेसाठी देवाजवळ साखर ठेवू नये असं माझं मत आहे, पण ते मी मांडलं नाही.

अण्णांनी प्रकरण रीतसर निकालात काढलं. आपल्याकडे तपास संपला आणि दोषारोपपत्र झालं नाही तर अहवालाचे तीन प्रकार होतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही तेव्हा ए समरी. फिर्यादच खोटी, कुणाला गोवण्यासाठी केलेली, तेव्हा बी. आणि काहीतरी गैरसमजातून नोंद झाली तेव्हा सी. आधी त्यांचा कल बीकडे होता. "मुद्दाम खोटी खबर दिली, लोकांना बसवायला," ते म्हणाले. आई म्हणाली, जाऊ द्या, आला ना परत. त्यांनी थोडा विचार केला.

"ठीक आहे. सी समरी."

रात्री आईला तो परत येण्याचा प्रसंग माझ्या फोनवर लावून दिला. छोटा पडदा, तिघांची डोकी एकत्र. साटम दिसले, तेच केस, तेच डोळे, थोडे थकलेले. आई काही बोलली नाही. प्रसंग संपला, पडदा काळा झाला आणि त्यात आमचेच तीन चेहरे दिसायला लागले.

अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"परत एकदा बघू दे," ते म्हणाले. "ओळख पटवून घेतो."